कमेंटचा रंग

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभा असताना त्याच्या खिशातला फोन थरथरला आणि त्याने सवयीने तो काढून बघितला, एवढंच झालं. रांग पुढे सरकत होती, कुणीतरी चमचे पाडले होते, मागचा हिशेबनीस आपल्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होता. स्क्रीनवर एक मेल होतं आणि त्यावर तिचं नाव होतं. सहा वर्षांत ते नाव त्याच्या कुठल्याही फोनवर आलं नव्हतं. ह्या फोनला तर ते ठाऊकच नव्हतं, कारण हा फोन दोन वर्षांपूर्वीचा. त्याने ट्रे तिथेच कठड्यावर ठेवला, रांग सोडली आणि खिडकीशी जाऊन मेल वाचलं. नंतर पाणी प्यायला, परत वाचलं. तिने लिहिलं होतं की वही अजून चालू ठेवली आहेस हे बघून बरं वाटलं. ती आता एका शाळेत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते आणि वर्गात आपली पानं वापरते. पण मुलं म्हणतात, सगळं काळंच काळं आहे, कुठून वाचायला घ्यायचं तेच कळत नाही. कोडला रंग लावता येतील का? सोमवारी सकाळी उजेडाचा पाठ आहे. घाई नाही. सोमवारी हवं आहे आणि घाई नाही, हे एका दमात लिहिणारी बाई जगात एकच होती. तो खिडकीशी उभ्याउभ्या हसला. हिशेबनीसाने लांबून हात करून विचारलं, काय, लॉटरी लागली का? तो म्हणाला, काही नाही, एक दुरुस्ती आली आहे.

दुपारभर तो वजनकाट्यांच्या प्रोग्रॅमसमोर बसून होता. पोटापाण्यासाठी तो हेच करत असे: काट्यावर माल ठेवला की आकडा थरथरत राहतो, तो किती वेळ थरथरू द्यायचा आणि केव्हा ‘हाच’ म्हणून स्थिर करायचा ते ठरवणं. ह्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्या दिवशी त्याचं एका साध्या आकड्यावर मन ठरेना. ‘आपली पानं’ असं तिने लिहिलं होतं. आता ह्या शब्दाचा अर्थ काढत बसण्यात राम नाही हे त्याला कळत होतं; माणसं बँकेला आपली बँक म्हणतात, गळक्या नळालाही आपला नळ म्हणतात. तरी संध्याकाळी घरी चालत येताना तो शब्द त्याच्या बुटात शिरलेल्या खड्यासारखा पावलागणिक टोचत राहिला, आणि खरं सांगायचं तर खडा काढून टाकावा असं त्याला वाटत नव्हतं.

वही म्हणजे त्यांची वेबसाइट. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघांनी सुरू केलेली. दोघंही तेव्हा एकाच कंपनीत होते आणि दिवसभर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम लिहून वैतागून घरी यायचे. मग कुणाला नकोत असे, आपल्याला हवेत असे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचे. पुस्तकं कपाटात कशी लावावीत, चार मित्रांना गाठायचं तर कुणाकडे आधी जावं, अमुक तारखेला सूर्य किती वाजता उगवेल, किती वाजता मावळेल आणि मधे उजेड किती मिळेल. प्रत्येक प्रोग्रॅमचं एक पान, पानावर थोडं सांगणं आणि मग कोड. कोडमध्ये जागोजागी कमेंट. कमेंट म्हणजे माणसाने माणसासाठी लिहून ठेवलेली ओळ. मशीन तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्या आधीचं चिन्ह दिसलं की पुढचं सगळं सोडून देतं. चौदा वर्षांत दोनशे बारा पानं झाली होती, पुढे त्यांत भर पडली नाही. वाचणारे फारसे कुणी नव्हते आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. बसायला एक टेबल होतं, त्याच्यापुढे दोन खुर्च्या, एक स्क्रीन, एक कीबोर्ड. टेबल अजून आहे. दुसरी खुर्चीही आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

शनिवारी सकाळी चहा होताच तो कामाला बसला. वहीची पानं तयार करणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता: साध्या मजकुराच्या फायली ह्या बाजूने घालायच्या, एक आज्ञा द्यायची, त्या बाजूने तयार पानं बाहेर पडायची. मग ती पानं जिथे ठेवू तिथे मुकाट पडून राहतात, मागे काही चालू राहत नाही, काही बिघडत नाही. ह्या शेवटच्या गुणावर तो फार खूश असे. जेमतेम चारशे ओळींचा प्रोग्रॅम, पण इतक्या वर्षांत त्याने एकदाही दगा दिला नव्हता. त्यात रंगाची सोय मात्र नव्हती. कोड दिसला की तो जसाच्या तसा काळ्या अक्षरांत चौकटीत ठेवायचा, एवढंच त्याला येत होतं. आता त्या कोडचे तुकडे पाडायला हवे होते. हा भाषेचा ठरलेला शब्द, हा आकडा, हा अवतरणातला मजकूर, ही कमेंट, असं एकेकाला ओळखून त्याच्याभोवती खूण घालायची आणि कुठल्या खुणेला कुठला रंग ते एका वेगळ्या फायलीत लिहायचं. कुणाचं तरी तयार साधन आणून जोडता आलं असतं, जगात ती पोत्याने पडली आहेत. पण हे काम तिने सांगितलं होतं. तिने सांगितलेल्या कामाला बाजारातून आणलेलं काही लावायचं म्हणजे पाहुण्यापुढे बाहेरचं जेवण मांडल्यासारखं, असं त्याला वाटलं. मग हाताने नियम लिहायला बसला.

पहिल्या खेपेला सगळ्या पानांवर कचरा झाला. लहान-मोठ्याची, म्हणजे < आणि > ही चिन्हं प्रोग्रॅमने दोनदा बदलून लिहिली आणि त्यांच्या जागी विचित्र अक्षरं उमटली. ते निस्तरलं तर एका पानावर अर्धाअधिक कोड राखाडी होऊन बसला, कारण कमेंटच्या आधी येणारं चिन्ह तिथे एका अवतरणाच्या आत आलं होतं आणि नियम बिचारा तिथूनच पुढचं सगळं कमेंट समजून मोकळा झाला. म्हणजे आधी अवतरणं उचलायला हवीत, मग कमेंट. त्याने क्रम बदलला. ही असली चूक तो तेव्हाही करायचा आणि ती शेजारून न बघता म्हणायची, क्रम बघ. काय चुकलं ते न वाचताच म्हणायची आणि दहापैकी सातदा क्रमच चुकलेला असायचा. त्याने शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. निळा शर्ट घडी घालून ठेवलेला होता.

अकराच्या सुमारास पानं रंगली. ठरलेले शब्द गडद लाल, आकडे नारिंगी, अवतरणातला मजकूर हिरवा, कमेंट राखाडी आणि किंचित तिरक्या. जगभर असंच असतं, कमेंटला राखाडीच देतात, म्हणून त्याच्या हातूनही तेच दिलं गेलं. तो उजेडाचं पान उघडून मागे रेलला. छान दिसत होतं. मुलांना आता कुठून सुरुवात करायची ते कळलं असतं. आणि तरी काहीतरी चुकलं होतं, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. कारण त्याला नीट कळेना. लाल, नारिंगी, हिरवं सगळं पुढे आलं होतं, आणि काहीतरी मागे भिंतीला लागून उभं होतं.

ते काय, ते त्याला बहिणीने सांगितलं. धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तिचं चष्म्याचं दुकान होतं. त्याचा नवा चष्मा तयार होऊन आठवडा झाला तरी तो न्यायला गेला नव्हता, म्हणून दुपारी दुकान मिटवून तीच घेऊन आली. आल्याआल्या त्याच्या नाकावर चष्मा चढवला, कानामागे बोट घालून दांडी चाचपली आणि खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकून तिच्यावर बसली. त्या खुर्चीवर अलीकडे कुणी बसलं नव्हतं. त्याला एकदम म्हणावंसं वाटलं, तिथे नको. पण बहिणीला कुठे बसू नको म्हणणं म्हणजे तासाभराचं भांडण. तिने स्क्रीनकडे बघून डोळे बारीक केले आणि धंद्यातल्या माणसाच्या सुरात विचारलं की ह्या राखाडी ओळी मुद्दाम न वाचण्यासाठी केल्या आहेत का. तिच्या दुकानात तक्त्यावर शेवटची ओळसुद्धा ह्यापेक्षा ठळक असते. तो म्हणाला, त्या कमेंट आहेत, मशीनला लागत नाहीत. “मशीनला नाही लागत, मग माणसाला लागत असतील ना,” ती म्हणाली. मग तिने पुढे वाकून एक ओळ मोठ्याने वाचली. उजेडाच्या पानावरचीच. “इथे एक मिनिट कमी येतं. राहू दे, एवढा उजेड कुणी मोजत नाही.” तिला त्या पानातलं बाकी काही कळत नव्हतं.

“हे वहिनीचं ना?” तिने विचारलं.

“हो.”

“वाटलंच. तू कसला असं लिहितोस.”

तो हसला, कारण ते खरं होतं. मग त्याने मेलचं सांगितलं. बहिणीने ऐकून घेतलं. वहिनी ती अजूनही म्हणायची. घटस्फोटाचे कागद झाले तेव्हाही तिने त्याला बजावलं होतं की सही तू केली आहेस, मी नाही. तिचं म्हणणं पडलं की दोन दिवस रंगकाम करण्यापेक्षा सरळ फोन उचल. तो म्हणाला की तिने फोन करायला सांगितलेलं नाही, रंग लावायला सांगितलं आहे. बहीण म्हणाली, तुझं वजनकाट्यासारखंच आहे, आकडा थरथरतो आहे तोवर वाट बघत बसायची. आणि चष्म्याची डबी टेबलावर ठेवून ती निघून गेली. कपडे परत खुर्चीवर ठेवायचे त्याच्या मनात होतं, पण ते पलंगावरच राहिले.

बहीण गेल्यावर त्याने राखाडी काढला. नव्या चष्म्यातून सगळंच जरा जास्त काठोकाठ दिसत होतं. आता त्याला समजलं होतं सकाळी काय मागे उभं होतं. ती. वहीत ती जिथे जिथे बोलली होती ते सगळं त्याने स्वतःच्या हाताने पुसट करून टाकलं होतं, आणि हे काही पहिल्यांदा होत नव्हतं.

सात वर्षांपूर्वी, ती जायच्या आदल्या वर्षी, वही ह्या नव्या प्रोग्रॅमवर त्यानेच आणली. तोवर वही जुन्या मशीनवर होती आणि तिच्याबरोबर तिची सगळी नोंद होती: कुठली ओळ कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता लिहिली, कुणी बदलली. प्रोग्रॅम लिहिणारे लोक ह्या नोंदीला इतिहास म्हणतात आणि हलवाहलव करताना तो बरोबर नेतात. दोन दिवसांचं किचकट काम असतं. तिने सांगितलंही होतं की इतिहास सोबत घे. तो म्हणाला होता, त्यात आहे काय, चुका आणि दुरुस्त्याच तर आहेत. शेवटची नीट झालेली पानं तेवढी उचलून त्याने नव्या जागी ठेवली आणि नव्या नोंदीत एकच ओळ पडली: पहिली नोंद, दोनशे बारा पानं, आणि पुढे त्याचं एकट्याचं नाव. जुनं मशीन पुसून भंगारात दिलं. त्यात त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. घाई होती आणि नवा प्रोग्रॅम चालताना बघायची हौस होती. त्या संध्याकाळी ती त्याच्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होती. हातात टॉवेल होता, केस ओले होते. तिने त्या एका ओळीकडे बराच वेळ बघितलं.

“मी कुठे आहे ह्यात?” तिने विचारलं.

“सगळीकडे,” तो म्हणाला होता. वळूनही न बघता.

आपण फार सुंदर बोललो असं त्याला तेव्हा वाटलं होतं. ती केस पुसत आत गेली. पुढे वर्षभराने तिने दुसऱ्या गावची नोकरी घेतली. भांडण असं झालंच नाही, दोघांनाही ते जमत नसे. बॅगा भरताना तिने वहीचं नावही काढलं नाही. आणि तरी नंतर कधीही, दात घासताना, जिना चढताना, काट्याचा आकडा स्थिर होण्याची वाट बघताना, ती त्याला त्या संध्याकाळच्याच रूपात आठवायची: ओले केस आणि एक साधा प्रश्न, ज्याचं उत्तर देता आलं असतं. ओळ दाखवून, पान दाखवून, बोट ठेवून. ही तू, ही तू, आणि ही बघ, हीसुद्धा तूच.

ते आता करता येईल असं त्याच्या मनाने घेतलं. इतिहास गेला म्हणून काय झालं, चौदा वर्षं तो तिच्या शेजारी बसला होता, तिची ओळ त्याला ओळखू येत नसेल तर मग कुणाला येणार? कमेंटना एक रंग न देता दोन द्यायचे. त्याच्या तपकिरी, तिच्या निळ्या, तिच्या शाईपेनात असायची त्या काळपट निळ्या. काही सांगायचं नाही. सोमवारी ती वर्गात पान उघडेल, निळं बघेल आणि तिला कळेल की ह्याला माहीत आहे, ह्याला सगळं माहीत होतं. सात वर्षं उशिरा का होईना. ह्या कल्पनेने त्याला असा काही हुरूप आला की तो दुपारचं जेवायचं विसरला.

ओळखायची खूणही होती. तो कमेंट ओळीच्या वर लिहायचा, ती ओळीच्या शेवटी. ह्यावरून त्यांचे कितीदा खटके उडाले होते. त्याचं म्हणणं, आधी सांगावं मग करावं. तिचं म्हणणं, करून झाल्यावर सांगावं. दोघांनी एकमेकांचं कधी ऐकलं नाही. म्हणजे नियम सरळ होता: ओळीच्या वर ती त्याची, ओळीच्या शेवटी ती तिची. चार ओळींत नियम बसला. आज्ञा दिली, दोनशे बारा पानं पुन्हा तयार झाली आणि तो एकेक उघडून बघू लागला. निळं कुठे कुठे उमटलं होतं! पहिल्या पानावर दोनदा, मग एकदम सात ठिकाणी, मग एका पानावर कुठेच नाही, मग पुन्हा. पुस्तकांच्या पानावर, रस्त्यांच्या पानावर, उजेडाच्या पानावर त्या एका मिनिटाच्या ओळीला. ती सबंध दुपार घरात कुणीतरी असल्यासारखी गेली. मधेच उठून त्याने चहा केला तर दोन कप काढले आणि एक परत ठेवून दिला. निळ्या ओळी तो मोठ्याने वाचत होता, तिच्या आवाजात वाचायचा प्रयत्न करत होता, आणि तिचा आवाज आपल्याला पुरता आठवत नाही हे लक्षात येऊन मधे मधे थांबत होता. आवाजाचा वरचा भाग आठवायचा, खालचा नाही.

सत्त्याहत्तराव्या पानावर दाढ आली.

पान पुस्तकं लावण्याचं होतं. एका ओळीच्या शेवटी निळ्या रंगात लिहिलेलं होतं, आज दाढ ठणकते आहे, हा भाग उद्या नीट बघू. त्याने ते वाचलं आणि त्याची जीभ आपोआप खालच्या डाव्या बाजूला गेली. तिथे दाढ नव्हती. ती त्याचीच होती. दोन आठवडे ठणकली आणि मग काढावी लागली. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि ह्या गोष्टीचा ती तोरा मिरवायची. म्हणजे वाक्य त्याचं होतं, आणि निळं होतं. नियमातून निसटलेलं असेल एखादं, म्हणून तो पुढे गेला. पुढे एक तपकिरी ओळ मिळाली, कोडच्या वर, त्याच्या जागी: एवढी उलथापालथ करत बसलो तर माझी साडेआठची बस जाईल. बसने ती जायची. त्याने जन्मात साडेआठची बस धरली नव्हती, तो चालत जायचा. मग तो थांबला. दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले, आणि तसे मांडीवर ठेवल्याबरोबर त्याला आठवलं.

हात मागे. हा तिचाच नियम होता. सुरुवातीच्या दिवसांत एका कीबोर्डसाठी दोघांची ओढाताण व्हायची, कोपरं लागायची, एकदा तर कपभर चहा सांडला. मग तिने ठरवून टाकलं की ज्याला सुचलं त्याने हात मागे घ्यायचे. सुचलेलं तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. सांगता आलं तरच ते आपल्याला कळलेलं असतं, असं तिचं म्हणणं. पहिले काही महिने जड गेलं, मग ते इतकं अंगवळणी पडलं की काही सुचलं की त्याचे हात आपोआप मांडीवर जायचे आणि तिचे पुढे यायचे. सहा वर्षं एकट्याने सुचवून एकट्याने लिहिताना तो हे साफ विसरला होता. दोन खुर्च्या आठवत होत्या, खटके आठवत होते, चहा आठवत होता, आणि नेमकं हेच गेलं होतं. कमेंट वर लिहायची की शेवटी, हे बोटांच्या सवयीचं होतं. ओळीच्या शेवटी म्हणजे बोटं तिची. आणि बोटं तिची, तर बोलणं त्याचं.

दुपारभर तो तिच्या आवाजात जे वाचत होता ते तो स्वतः बोललेला होता.

संध्याकाळ होत आली होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे झटकत होतं. मग उलटं करू, असं त्याला आधी वाटलं. निळं ते तपकिरी करायचं, तपकिरी ते निळं, एका शब्दाचा फरक. त्याने तसं करून बघितलं. आता तिच्या रंगात त्याच्या जागच्या ओळी आल्या आणि त्यांतल्या काही वाचताना कान टवकारले, खरंच तिच्यासारख्या वाटल्या. पण काही वाटेनात. कारण नियम काही रोज पाळला जात नसे. कधी ती एकटीच बसायची, तो पलंगावर पेपर वाचत असायचा. कधी तो पहाटे उठून काही खरडून ठेवायचा. कधी ती सांगायला सुरुवात करायची, तो लिहिता लिहिता वाक्याचं शेपूट बदलायचा आणि ती म्हणायची, हं, तसंच. मग ते वाक्य कुणाचं? कुठल्या रंगाने रंगवायचं, अर्ध्यापर्यंत एक आणि पुढे दुसरा? आणि उजेडाची ती ओळ. ती ओळीच्या शेवटी होती, म्हणजे बोटं तिची, म्हणजे बोलणं... नाही. त्याने मान हलवली. ती ओळ तिचीच होती, त्या दिवशी ती एकटी बसली असणार. ज्या माणसाने इतिहास टाकून दिला, केस पुसत उभ्या असलेल्या बाईकडे वळूनही बघितलं नाही, तो असं बोलत नाही. बहिणीलासुद्धा कळलं होतं ते. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला त्या नोंदीची, त्या भंगारात गेलेल्या मशीनची अशी काही आठवण येत राहिली की जणू त्यात कुणी जिवंत होतं. इतक्या वर्षांत ती नाही ह्याची त्याला सवय झाली होती. पण तिच्यातलं कुठलं आणि आपल्यातलं कुठलं हेच सांगता येत नाही, ही उणीव नवी होती, आणि तिला हात लावायला जागा सापडत नव्हती.

रविवारी त्याने दोन रंगांचा नियम काढून टाकला. सगळ्या कमेंटना एकच रंग दिला, तो काळपट निळा. राखाडी नाही, तिरका नाही, मजकुराइतकाच ठळक. बाकीचे रंग थोडे मागे सारले, लाल कमी केला, नारिंगी उतरवला. एकेक पान उघडून तपासलं, अवतरणं तपासली, लहान-मोठ्याची चिन्हं तपासली. बारा पानांवर बारीकसारीक चुका निघाल्या त्या दुरुस्त केल्या. मग बदलाची नोंद करायची वेळ आली. कुणी केलं असं प्रोग्रॅम विचारतो तिथे त्याचं नाव आपोआप येत असे. त्याने नावापुढे तिचं नाव लिहिलं. त्याने काही भरून येणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. पानं चढवली आणि तिला मेल लिहायला घेतलं. खूप लिहिलं: नियमाबद्दल, दाढेबद्दल, त्या संध्याकाळच्या प्रश्नाबद्दल. तू विचारलंस तेव्हा मी वळून बघायला हवं होतं, असंही लिहिलं. मग सगळं पुसून दोन शब्द ठेवले, रंग लावले, आणि पाठवून दिलं. पलंगावरचे कपडे त्याने कपाटात ठेवले.

सोमवारी दुपारी तो कँटीनमध्ये उशिरा गेला. सकाळपासून फोन उपडा ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघितला होता. रांग लहान होती. ट्रेवर ताट ठेवलं आणि फोन थरथरला.

“छान झालं आहे,” तिने लिहिलं होतं. “मुलांनी पहिल्यांदा कमेंट वाचल्या. ती एक मिनिटाची ओळ मी दर वर्षी वाचून दाखवते, ह्या वेळी सांगावं लागलं नाही, त्यांनीच शोधली. मी त्यांना सांगते, ही ज्याची ओळ आहे त्याच्याशेजारी मी चौदा वर्षं बसले होते. आज एका मुलीने विचारलं, मग तो ह्यात कुठे आहे? मी म्हटलं, सगळीकडे.”

त्याने ते उभ्याउभ्या वाचलं. मागचा हिशेबनीस म्हणाला, साहेब, पुढे सरका, डाळ गार होते आहे. तो पुढे सरकला, कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसला आणि एका हाताने लिहिलं, ती ओळ तुझी आहे, मला खात्री आहे. पाठवून टाकलं. तिचा वर्ग संपला असावा, कारण उत्तर लगेच आलं.

“नाही रे. बोटं माझी होती.”

त्याने उजेडाचं पान उघडलं. फोनवर अक्षरं लहान दिसत होती, पण निळी ओळ उठून दिसत होती. त्याने ती वाचली, मग आणखी एकदा, हळू. कुठल्याशा संध्याकाळी हात मांडीवर ठेवून आपण हे बोललो होतो आणि तिला ते लिहून ठेवावंसं वाटलं होतं. कधी, ते त्याला काही केल्या आठवेना. समोर हिशेबनीस येऊन बसला आणि गुडघ्याचं पुढे सांगू लागला.